नवा हेडफोन आणि कानांची संवय



कोल्हापुरी वहाणांचा नवा जोड घरीं आणला म्हणजे पहिले आठ-दहा दिवस तो चावतो. कातडें कडक असतें, आंगठ्याशीं घांसतें, टांचेला टोचतें. घरांतलीं वडील माणसें सांगतात, "तेल लावा, रोज थोडा थोडा वेळ घाला, म्हणजे पायांत बसेल." आणि खरोखरच वहाण पायांत बसते. आतां दुसरें उदाहरण घ्या. दूरचा आणि जवळचा असे दोन नंबर असलेला चष्मा प्रथम डोळ्यांवर चढविला म्हणजे जिना उतरतांना पायरी जागची हलल्यासारखी वाटते. आठवड्या-दोन आठवड्यांत तीच पायरी जाग्यावर येते. या अवधींत चष्मा तसूभरहि बदललेला नसतो. बदललेला असतो तो पाहणारा. वहाणेच्या बाबतींत वस्तु बदलते, चष्म्याच्या बाबतींत माणूस बदलतो, परंतु दोन्ही ठिकाणीं आपण एकच शब्द वापरतों, "संवय झाली."

आज ज्या वस्तूविषयीं मला बोलावयाचें आहे ती म्हणजे संगीत ऐकण्याचा उंची हेडफोन. कांहीं हेडफोनांची किंमत आज लाख रुपयांच्या घरांत जाते. एवढी रक्कम मोजून घरीं आणलेला हेडफोन पहिल्या संध्याकाळीं पुष्कळांची निराशा करतो. आवाज कोरडा वाटतो, खर्जांत भरणा नाहीं असें वाटतें, गायिकेचे 'स' आणि 'श' कानाला टोंचतात, आणि डोक्यावर कोणीं चिमटा लावला आहे असा भास होतो. अशा वेळीं जाणकार स्नेही धीर देतात, "शंभर तास वाजूं द्या, मग पाहा." शंभर तासांनीं पुष्कळदां तो हेडफोन आवडूंहि लागतो. येथें प्रश्न उपस्थित होतो तो असा: ही वहाणेची गोष्ट कीं चष्म्याची? यंत्र बदललें कीं कान बदलले? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. वस्तु परत करण्याची मुदत थोड्या दिवसांची असते, आणि तेवढ्यांत निर्णय करावयाचा असतो. शिवाय ज्या कानांच्या साक्षीवर हा निर्णय अवलंबून, ते कान एकदां बिघडले तर पुन्हां विकत मिळत नाहींत.

हेडफोन ही वस्तु नवी नव्हे. अमेरिकेंतील यूटा संस्थानांत राहणाऱ्या नॅथॅनियल बाल्डविन यांनीं स्वतःच्या स्वयंपाकघरांत बनविलेले हेडफोन १९१० सालीं अमेरिकेच्या आरमाराकडे पाठविले, आणि बिनतारी संदेश ऐकण्यासाठीं आरमारानें ते पत्करले. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें, तेव्हां ज्यांच्या घरीं साधा क्रिस्टलचा संच असे त्यांना असेच फोन कानांवर चढवावे लागत. कारण मोठा कर्णा वाजविण्याइतकी शक्ति त्या संचांत नसे. त्या काळीं शब्द नीट कळला म्हणजे ऐकणाऱ्याचें समाधान होई. पुढें १९३७ सालीं बर्लिन येथील ऑयगेन बायर यांच्या कारखान्यानें 'डीटी ४८' हा हलत्या वेटोळ्याचा हेडफोन काढला. १९५८ सालीं मिलवॉकी शहरांत जॉन कॉस यांनीं खास स्टीरिओ संगीतासाठीं हेडफोन तयार केला. आणि १९६८ सालीं जर्मनींतील झेनहायझर कंपनीनें 'एचडी ४१४' हा पाठीमागून उघडा असलेला हेडफोन बाजारांत आणला.

हा शेवटचा फरक लक्षांत ठेवण्यासारखा आहे. बंद हेडफोनांत कानामागें भिंत असते. आवाज कोंडला जातो आणि बाहेरचा गलबलाहि आंत येत नाहीं. उघड्या हेडफोनांत पडद्याच्या मागची बाजू जाळीची असते. हवा मोकळी खेळते, आवाज मोकळा वाटतो, परंतु रस्त्यावरची ट्राम नाहीं तरी मोटार ऐकूं येतेच, आणि आपलें गाणें शेजारीं बसलेल्या माणसालाहि ऐकूं जातें. उंची हेडफोनांपैकीं बरेचसे या उघड्या प्रकारचे असतात. आजवर बंद आणि खर्ज फुगविलेल्या हेडफोनाला सरावलेल्या माणसाला तो प्रथम उणा वाटावा यांत नवल नाहीं. रोज गोडमिट्ट चहा पिणाऱ्याला बेताच्या साखरेचा चहा अळणी लागतो, तशांतलीच ही गोष्ट.

परंतु नवखेपणाचें कारण याहून खोल आहे. आपण समोर ठेवलेल्या दोन कर्ण्यांवर गाणें ऐकतों, तेव्हां डाव्या कर्ण्याचा आवाज डाव्या कानांत तर जातोच. पण डोक्याला वळसा घालून, एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी अंतरानें मागाहून आणि किंचित् मंद होऊन, तो उजव्या कानांतहि पोंचतो. खोलीच्या भिंती त्यांत आपली भर घालतात. मान वळविली तर दोन्ही कानांतलें प्रमाण बदलतें. कानाच्या पाळीच्या घड्याहि कांहीं स्वर उठवितात, कांहीं दाबतात, आणि त्यावरून आवाज वरून आला कीं खालून, पुढून कीं मागून, हें मेंदू ओळखतो. त्याखेरीज कानाची नळी आहे. ती सुमारें अडीच सेंटीमीटर लांब असून बासरीसारखी स्वतःचा सूर असलेली आहे. प्रतिसेकंद ३,००० कंपनांच्या आसपासचे स्वर ती आपोआप मोठे करते. हा सारा हिशेब आपला मेंदू लहानपणापासून करीत आलेला आहे.

हेडफोन चढवितांच हा हिशेब चुकतो. डावा आवाज फक्त डाव्या कानांत, उजवा फक्त उजव्या कानांत. खोली नाहीं, भिंती नाहींत. मान वळविली तरी गवई आपल्याबरोबर वळतो. म्हणूनच गाणारा समोर न बसतां आपल्या दोन कानांच्या मध्यें, कपाळाच्या आंत बसल्यासारखा वाटतो. पाळीच्या घड्यांवर आवाज पडतो तोहि अगदीं जवळून आणि वेगळ्याच कोनांतून. प्रत्येकाच्या पाळीचा आकार निराळा, म्हणून एकच हेडफोन एकाला मृदु आणि दुसऱ्याला तिखट लागतो. यांत कोणाचीच अभिरुचि कमी-अधिक नसते; कानांची ठेवण वेगळी असते, इतकेंच.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. यंत्र बदलतें कां? थोडेंसें बदलतें. पडदा ज्या कडेवर तोललेला असतो ती कड कांहीं तास हालल्यावर किंचित् सैल होणें शक्य आहे. परंतु मोजणी केली असतां हा फरक फार बारीक भरतो. हेडफोन डोक्यावर चार-दोन मिलिमीटर पुढें-मागें सरकला तर आवाजांत पडणारा फरक त्याहून मोठा असतो. खरा बदल होतो तो कानाभोंवतीं बसणाऱ्या गाद्यांमध्यें. त्या दबतात, मऊ होतात, पडदा कानाच्या थोडा जवळ येतो, आणि बंद हेडफोनांत फट बुजून खर्ज भरून येतो. हा बदल महिनोन् महिने चालतो. ज्याला खात्री करून घ्यावयाची असेल त्यानें एकाच जातीचे दोन हेडफोन, एक वापरलेला आणि एक कोरा, गाद्या सारख्या करून व आवाजाची पातळी सारखी ठेवून डोळे मिटून ऐकावे. शंभर तासांचा चमत्कार यंत्रांत असेल तर तो तेथें दिसावा. ऐकणाऱ्यांत असेल तर दिसणार नाहीं.

मेंदू किती बदलतो याचा सुंदर पुरावा १९९८ सालीं नेदरलंड्समधील नायमेगेन येथील संशोधकांनीं प्रसिद्ध केला. हॉफमन, फान रिस्विक आणि फान ऑपस्टाल अशीं त्यांचीं नांवें. त्यांनीं कांहीं प्रौढ माणसांच्या कानांच्या खळग्यांत सांचे बसवून पाळीचा आकार बदलून टाकला. लागलीच त्या माणसांना आवाज वरून येतो कीं खालून हें सांगतां येईनासें झालें. सांचे तसेच ठेवून तीं माणसें आपापले नित्याचे व्यवहार करीत राहिलीं, आणि कांहीं आठवड्यांत त्यांचे कान पुन्हां बिनचूक झाले. याहून आश्चर्याची गोष्ट पुढेंच आहे. सांचे काढल्याबरोबर जुनें ज्ञान जसेंच्या तसें हजर झालें! नवे कान शिकले म्हणून जुने विसरले गेले नव्हते. एखाद्यानें दुसरी भाषा शिकावी आणि मातृभाषा तशीच राहावी, तसा हा प्रकार. हेडफोन कांहीं पाळीचा सांचा नव्हे. परंतु कानांत येणारा आवाज बदलला तर मेंदू नवा हिशेब मांडतो, आणि त्याला दिवस लागतात, तास नव्हेत, एवढें यावरून स्पष्ट होतें.

म्हणजे ही गोष्ट थोडीशी वहाणेची आणि फारशी चष्म्याची आहे. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं कोणताहि हेडफोन घ्यावा, धीर धरावा, तो चांगला वाटूं लागेलच. येथेंच सावध राहिलें पाहिजे. संवय चांगल्याची होते तशी वाइटाचीहि होते. गिरणीजवळ राहणाऱ्याला भोंग्याची संवय होते, म्हणून भोंगा सुरेल ठरत नाहीं.

या बाबतींत एक प्रसिद्ध उदाहरण सांगण्याजोगें आहे. झेनहायझर कंपनीनें २००९ सालीं 'एचडी ८००' हा हेडफोन काढला. त्याचा पडदा कंकणाच्या आकाराचा, ५६ मिलिमीटर व्यासाचा. तो कानाच्या समोरून तिरका आवाज टाकतो, त्यामुळें गाणें कपाळांतून थोडें बाहेर सरकल्यासारखें वाटतें. वजन तार सोडून सुमारें ३३० ग्रॅम, कान पूर्ण सामावतील अशा मोठ्या कवच्या, त्यामुळें तो डोक्यावर फार सुखकर. सूक्ष्म तपशील दाखविण्यांत त्याची ख्याति झाली. परंतु प्रतिसेकंद ६,००० कंपनांच्या आसपास त्याच्या आवाजाला एक शिखर होतें. 'स'कार टोंचतात, सतारीच्या नखीचा आघात टणक लागतो, जुन्या तबकड्यांची खरखर उठून दिसते, ती याच टापूंत. कित्येक रसिकांना या शिखराची संवय झाली. किंबहुना त्यांतच त्यांना स्पष्टपणा वाटूं लागला. कित्येकांना ती कधींच झाली नाहीं. त्यांनीं कवचींत लोकरीचे तुकडे बसविले, विद्युत्-साधनांनीं तो स्वर दाबला. पुढें २०१६ च्या सुमारास कंपनीनेंच 'एचडी ८०० एस' ही सुधारलेली आवृत्ति आणली, आणि तींत तें शिखर शोषून घेणारी छोटी पोकळी बसविली. संवयीनें सर्व कांहीं आपोआप जुळत असतें तर ही सुधारणा करण्याचें प्रयोजन उरलें नसतें. शिवाय ज्यांना शिखर अंगवळणी पडलें त्यांना निर्दोष हेडफोनहि मंद वाटूं लागतात. संवय आपली कसोटीच आपल्या नकळत बदलून टाकते.

मग धीर कोठवर धरावा? माझ्या मतें नवखेपणा आणि दोष यांतील फरक ओळखण्याची रीत सोपी आहे. नवखेपणा दिवसागणिक ओसरतो. दोष थकवा आणतो. पहिल्या दिवशीं खर्ज उणा वाटला आणि आठव्या दिवशीं तबल्याच्या बायांची घुमार जिथल्या तिथें ऐकूं येऊं लागली, तर ती संवय. परंतु प्रत्येक वेळीं अर्ध्या तासानें गाणें बंद करावेंसें वाटत असेल, एखाद्या आवडत्या गायिकेचें ध्वनिमुद्रण आपण नकळत टाळूं लागलों असूं, तर तो दोष समजावा. मग त्या वस्तूची कीर्ति कितीहि मोठी असो.

सुखासनाचा, म्हणजे डोक्यावर हेडफोन कसा बसतो याचा, विचारहि याच न्यायानें करावा. नव्या हेडफोनाचा पट्टा ताठ असतो आणि तो कानांवर दाबतो. वापरानें तो ढिला पडतो, हें खरें वहाणेसारखें. परंतु वजन कमी होत नाहीं. कांहीं हेडफोनांत पडद्यासमोर मोठाले चुंबक असतात आणि त्यांचें वजन अर्ध्या किलोच्या आसपास जातें. हें वजन पट्टा डोक्यावर कसें पसरतो यावर सर्व अवलंबून आहे. टाळूवर एकाच बिंदूवर भार पडत असेल तर तेथील वेदनेची संवय होत नाहीं. ती वाढत जाते. आपल्या घरांत आणखी कांहीं गोष्टी पाहाव्या लागतात. चष्म्याच्या काड्या गादीखालीं अडकून दुखतात, आणि बंद हेडफोनांत तेथें फट राहून खर्ज निसटतो. स्त्रियांच्या कानांतील कुड्या गादीखालीं दाबल्या जातात. अंबाडा घातलेला असेल तर पट्टा मागें सरकतो. मुंबईच्या उन्हाळ्यांत चामड्यासारख्या गाद्यांखालीं घाम सांचतो आणि त्या लवकर फाटतात. मखमली गाद्या थंड राहतात, पण घाम पितात. दुकानांत पांच मिनिटें घालून यांतलें कांहींच कळत नाहीं. निदान एक तास, नेहमींचा चष्मा आणि नेहमींचे दागिने घालून, हेडफोन डोक्यावर ठेवून पाहावा.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो आवाजाच्या पातळीचा. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें कीं आवाज हलका केला म्हणजे कानांना खर्ज प्रमाणाबाहेर कमी ऐकूं येतो. मोठा केला म्हणजे तोच भरदार वाटतो. म्हणून दोन हेडफोनांपैकीं जो जरा मोठ्यानें वाजतो तोच चांगला वाटतो, आणि तुलना फसते. त्यांतून उंची हेडफोन मोठ्यानें वाजतांनाहि फाटत नाहीं. साधा कर्णा कर्कश होऊन आपल्याला इशारा देतो. हा देत नाहीं. मोठ्या आवाजानें कान तात्पुरते मंदावतात, मंदावलेल्या कानांना आवाज कमी वाटतो, आणि हात पुन्हां खुंटीकडे जातो. ही संवय मात्र खरोखर घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणें प्रौढांनीं ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्यांतून ४० तासांपलीकडे ऐकूं नये. मुलांसाठीं हीच पातळी ७५ डेसिबल आहे. पातळी ३ डेसिबलनें वाढली कीं मुदत निम्मी होते: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला अवघे ५. अंतःकर्णांतील ज्या सूक्ष्म केसाळ पेशी आवाज टिपतात त्या माणसांत पुन्हां उगवत नाहींत. संगीत थांबल्यावर कानांत शीळ वाजत राहिली, किंवा घरच्यांचें बोलणें कापूस घातल्यासारखें ऐकूं आलें, तर ती संवय नव्हे, इशारा आहे. उघडा हेडफोन घालून रस्त्याच्या गोंगाटावर मात करण्याचा प्रयत्न तर मुळींच करूं नये.

आतां कोणी विचारील, प्रत्यक्षांत करावें काय? नवा हेडफोन आणल्यावर आपल्या पाठ असलेलीं चार-पांच ध्वनिमुद्रणें निवडावीं. एकांत नुसता तानपुरा आणि आलाप असावा, एकांत तबला, एकांत स्त्रीचा आवाज, आणि एकांत साधें बोलणें असावें. कारण माणसाचा बोलण्याचा आवाज कसा असतो हें आपल्याइतकें कोणालाच ठाऊक नसतें. दहा-बारा दिवस, रोज तासभर, बेताच्या आवाजांत तींच ऐकावीं. या अवधींत जुना हेडफोन कपाटांत ठेवावा. क्षणाक्षणाला आलटून-पालटून पाहिल्यानें कानांना कोणतीच भाषा शिकतां येत नाहीं. मग एक दिवस जुना काढून ऐकावा. जुन्यांत नुसती घुमार आणि धुकें ऐकूं आलें, तर नव्यानें आपल्याला कांहीं शिकविलें असें समजावें. जुन्याकडे परततांच सुटका झाल्यासारखें वाटलें, तर मुदत संपण्यापूर्वीं वस्तु परत करावी, आणि त्यांत संकोच मानूं नये.

मात्र परत घेण्याची मुदत आठ दिवसांचीच असेल, तर ती खरेदीपूर्वींच विचारून घ्यावी आणि शक्य तर वाढवून मागावी. मेंदूला शिकावयास लागणारे दिवस दुकानदाराच्या पावतीवर छापलेले नसतात. आपले कान शिकूं शकतात ही मोठी देणगी आहे. पण ते काय शिकत आहेत याकडे अधूनमधून लक्ष ठेवणें हें आपलें काम आहे, तें कोणताहि कारखाना आपल्यासाठीं करणार नाहीं.